दुर्बिणीत न मावलेलं सरोवर

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या अंगावरचं रबर कोपऱ्यांवर गुळगुळीत झालं आहे आणि गळ्यात अडकवायचा पट्टा मूळचा राहिलेला नाही, एवढ्यावरून काय ते ओळखा. मी थोडी गर्विष्ठ आहे, हेही आधीच सांगून टाकते. जिला दूरचं जवळ आणता येतं तिनं गर्व करायचा नाही, तर कोणी करायचा? ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात ना, ती म्हण माझ्यापुढे चालत नाही. मी त्याच डोंगरावरचे काटेसुद्धा दाखवते.

माझा जन्म एका लांबट, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीला सक्त मज्जाव होता. एका कारागीर बाईंनी माझ्या काचा घासल्या. थोडं पाणी, थोडी बारीक भुकटी आणि गोल गोल फिरणारा हात, असं दिवसचे दिवस चाललं होतं. शेवटी त्यांनी मला खिडकीशी नेलं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेला मोजा पाहिला. “मोज्याचं भोक दिसलं,” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या हिला.” ही माझी पहिली शाबासकी.

तिथून माझी रवानगी एका प्रचंड सरोवराच्या काठी झाली. काठावर टेहळणीची एक खोली होती. लोखंडी टेबल, वायरलेस, कायम चहाचे डाग पडलेली खिडकीची चौकट आणि एक उंच स्टूल. त्या स्टुलावर ताई बसत. त्यांची धाकटी बहीण त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही म्हणते. खोलीतले बाकीचे लोक त्यांना ‘घार’ म्हणायचे. पाण्यावर कुठे होडी अडकली, कोणी बुडत असलं, की ते आधी ताईंना दिसायचं.

आमची पाणी बघायची एक रीत होती. सगळ्या पाण्यावर नजर भिरभिरवायची नाही. डावीकडून उजवीकडे एक पट्टी पाहायची, मग जरा वर सरकून उजवीकडून डावीकडे दुसरी. मागच्या पट्टीची कड पुढच्या पट्टीत आलीच पाहिजे, नाहीतर मधल्या फटीत माणूस बुडायचा. पट्टी सुरू असताना कोणी हाक मारली तरी ताई ओ देत नसत. सगळ्या पट्ट्या संपल्या की “सगळं ठीक” असं मोठ्यानं म्हणत आणि पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात करत. डोळ्यांत तेल घालून पहारा देणं म्हणजे काय, ते मी रोज पाहिलं.

एकदा आम्ही उन्हानं चकाकणाऱ्या पाण्यात उलटलेली होडी शोधली. तिला धरून लटकलेले दोघे भाऊ वाचले. वर्तमानपत्रात फोटो आला तो आमच्या खोलीच्या साहेबांचा. पण साहेबांच्या गळ्यात मी होते, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती. ताई मात्र पुढे कितीतरी दिवस तो फोटो पाहून हसत होत्या.

मग खांबावर कॅमेरा आला आणि टेबलावर पडदा. गरज सरो, वैद्य मरो! मला कपाटात टाकलं. फाटकी लाइफ जॅकेटं आणि मेलेल्या बॅटऱ्या यांच्या संगतीत मी किती काळ काढला, ते आठवलं तरी माझ्या काचांवर बाष्प धरतं. ताई निवृत्त झाल्या तेव्हा साहेबांनी विचारलं, “आठवण म्हणून काय देऊ?” ताई म्हणाल्या, “कपाटातली दुर्बीण द्या.”

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की ताईंचा खांदा दाराच्या चौकटीला सारखा आपटतो. शेजारून कोणी आलं की त्या दचकतात. बहीण त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी पिशवीत होते.

“समोरची नजर छान आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण कडेची कमी होत चालली आहे. गेली ती परत येणार नाही. थेंब नियमित घातलेत, तर उरलेली पुष्कळ टिकेल.”

“म्हणजे दुर्बिणीतून दिसतं तसं दिसणार? मधला गोल तेवढा?” ताईंनी विचारलं.

“आणखी कमी झाली तर तसंच.”

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गोलाची लाज वाटली.

त्याच आठवड्यात ताईंनी जाहीर केलं, की सरोवरामागच्या डोंगरावर जाणार. तिथे चढत्या वाटेवर तीन पॉइंट आहेत. सगळ्यांत वरच्या पॉइंटवरून सरोवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं म्हणतात.

“जन्म गेला तळ्याकाठी, आणि आता तळं बघायला डोंगरावर?” बहीण म्हणाली. “काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“अगं, मी तुकडे पाहिले. अख्खं कधी पाहिलंच नाही. एकदा पाहायचंय, दिसतंय तोवर.”

“मग मी येते सोबत.”

“तू आलीस की बोलत बसशील. मला बघायचंय.”

यावर बहीण रुसली, आणि रुसूनच तिनं डबा भरून दिला.

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही पायथ्याशी उतरलो. वाट झाडीतून वर जात होती. मुळं कडेनं येऊन पायात अडकू नयेत म्हणून ताई मान खाली घालून, जपून चालत होत्या. पहिला पॉइंट आला. झाडं संपली आणि खाली पाणी पसरलं. ताईंनी मला उचललं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. शेवटची पट्टी संपली तशा त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सगळं ठीक,” आणि पुढे चालू लागल्या. बऱ्याच अंतरावर जाऊन त्या एकदम थबकल्या.

“अगं बाई! मी ड्यूटी करून आले की काय!”

त्या एकट्याच इतक्या हसल्या, की त्यांना दगडावर टेकावं लागलं.

दुसऱ्या पॉइंटवर ढग आले होते. कठड्यापलीकडे नुसता पांढरा पडदा. ताई तिथे डबा खात थांबल्या, पण ढग हलेनात. बहिणीचा फोन आला. “दिसलं का?” “नाही.” “मग फिर माघारी.” “नाही,” ताई म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला. पुढचा चढ खडा होता. त्यांच्या छातीचे ठोके मला पट्ट्यातून कळत होते आणि मला फार भीती वाटत होती.

तिसऱ्या पॉइंटला पोहोचलो तेव्हा ढग आमच्या पायाखाली फाटत होते. मित्रांनो, त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत, तरी सांगते. पाणी निळं होतं, पुढे हिरवं होतं, त्याहून पुढे त्याला रंगच नव्हता. नदी येऊन मिळते तिथला गढूळ पट्टा आत खोलवर शिरून निळ्यात विरत होता. एका ढगाची सावली या काठावरून पलीकडे निघाली. ताईंनी घोटभर पाणी पिऊन बाटली परत ठेवलीसुद्धा, तरी सावली अर्ध्या वाटेतच होती. ज्या बोटी मला मोठ्या वाटत, त्या पाण्यावर नुसत्या टिंबांसारख्या होत्या. ताईंनी मला डोळ्यांना लावलं. मी तीन बेटांपैकी एक दाखवलं, किनारा दाखवला, धक्का दाखवला. काहीही दाखवलं तरी तो एक कणच होता. ते सरोवर माझ्यात मावेना. माझा सगळा गर्व तिथे गळून पडला, आणि गंमत म्हणजे मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

ताईंनी मला खाली सोडलं आणि नुसत्या डोळ्यांनी पाहू लागल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग त्यांचा चेहरा उतरला.

“इकडे बघितलं की तिकडचं जातंय,” त्या मला म्हणाल्या. “उशीर झाला गं.”

अख्खं पाहायला इतकं चढून आल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतही ते मावत नव्हतं. त्यांनी कठड्यावर हात टेकले. मग त्यांनी मला हातात घेतलं, न्याहाळलं आणि उलटं धरलं.

मला कोणी उलटं धरलं, की माझं डोकंच फिरतं. मुलं तसं करतात आणि एकमेकांना मुंगीएवढं पाहून खिदळतात. हा अपमान ताईंनी करावा? मी रागावणार, एवढ्यात त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

“आलं,” त्या पुटपुटल्या. “सगळं आलं.”

खरंच आलं होतं. दोन्ही टोकं, तिन्ही बेटं, नदीचं मुख, आमची टेहळणीची खोली, सगळं त्या इवल्याशा गोलात, एकही कड न तुटता. आयुष्यभर मी लहानाचं मोठं केलं. एवढं मोठं काही मला लहान करून सांभाळता येतं, हे मला माहीतच नव्हतं. ताई रडत होत्या आणि माझ्या काचा भिजत होत्या. मी मुळीच कुरकुर केली नाही.

मित्रांनो, दुर्बिणीची काच आधी फुंकर मारून, मग मऊ कापडानं पुसावी. डोळ्यांची हेळसांड करू नये, आणि घरातलं कोणी चौकटीला धडकू लागलं तर हसण्यावारी नेऊ नये. आणखी एक विनंती. कुठे डोंगरावर एखादं म्हातारं माणूस दुर्बीण उलटी धरून उभं असलेलं दिसलं, तर त्याला चूक दाखवायला जाऊ नका. थोडं लांबच थांबा. त्याचं बघून होऊ द्या.