मेलेल्या मेंढराचा कान

राहू गावच्या भैरूला अफू लागली ती गुडघ्यापायी. यवतच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं 'दर्द की दवा' म्हणून गोळी दिली. ठणका थांबला, त्याबरोबर भैरूही थांबला. पोरीच्या, स्वप्नालीच्या सुपारीला तो नवऱ्या मुलाच्या बापाच्या खांद्यावर घोरत पडला. पाहुण्यांनी तो मान समजला. स्वप्नालीनं मात्र बजावलं, "आबा, लग्नात असं झालं तर मी बोहल्यावरनं उतरून चालायला लागंन."

म्हणून बायकोला, गिताबाईला घेऊन तो शिरूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला. डॉक्टर भाग्यश्री मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"लग्नात जागं ऱ्हायचंय."

"मग कसं, ते दोघं मिळून ठरवू. उपचारात तुम्ही माझे भागीदार."

भैरू गंभीर झाला. भागीदारी त्याला एकच ठाऊक: निम्म्या वाट्यानं मेंढरं राखायची. मेंढरू मेलं, तर विकून खाल्लं नाही हे दाखवायला त्याचा कान मालकापुढं ठेवायचा.

"कबूल," तो म्हणाला आणि मॅडमनी दिलेली रोज सकाळची गोळी घेऊन घरी गेला.

पुढच्या खेपेला त्यानं अफूच्या पुडीचा चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"कान. परवा ढाब्यावर खाल्ली. एक मेंढरू गेलं."

गिताबाईनं कपाळाला हात लावला. "अवो, गप बसला असता तर त्यांला कळलं तरी असतं का?"

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कान नीट न्याहाळला. "कशानं मेलं?"

"गुडघ्यानं. सांजच्याला तुमच्या गोळीचा जोर उतरतो, मग ठणकतं."

"गुडघ्याचं बोलला नाहीत."

"तुमी इचारलं न्हाई. आता तुमचा कान दाखवा."

मॅडमनी खरंच स्वतःचा कान धरला. "हा घ्या. विचारायचं राहिलं."

मग वाटाघाटी झाल्या. गोळी सकाळ-संध्याकाळ विभागली, गुडघ्याला वेगळं औषध ठरलं. ढाब्यावरून जाताना गिताबाईचा हात धरायचा, ही अट भैरूची.

"आपल्या लग्नात धरताना लाजला," गिताबाई म्हणाली, "आन् आता भर रस्त्यात धरणार म्हणं."

लग्नात भैरू जागा होता. फारच जागा होता. त्यानं आचाऱ्याला मिठाचा हिशेब विचारला, बँडवाल्याला सूर दाखवला, आणि ऐन मंगलाष्टकात भटजींना सांगितलं, "ह्ये कडवं मघाशी झालं." गिताबाई लग्नाला आलेल्या मॅडमजवळ सरकली. "थोडं झोपंचं काय हाय का वं तुमच्याकडं?"

पाठवणीला रडायचं ते स्वप्नालीनं. पण कैक वर्षं सुन्न पडलेला भैरू असा हंबरला, की नवरदेवाची आईच पाणी घेऊन धावली. नवरीनं नवऱ्याच्या खिशातला रुमाल ओढून बापाचं नाक पुसलं. तिला हसू आवरेना.

"आबा, झोपा आता जरा."

"न्हाई," भैरू म्हणाला. "गाडी वळणाआड जाईस्तोवर बघणार हाय."