नुसता गर

अंबूबाईनं शेवटचा रायवळ आंबा पिळला, कोय बाजूला टाकली, सहाणेवर उगाळलेलं जायफळ रसात निपटलं, वर चिमूटभर सुंठ सोडली आणि पातेलं नवऱ्याच्या हाती दिलं. हंबीररावानं रस फडक्यातून गाळून माठात ओतलाही. माठाचं तोंड सैलसं बांधून तो हात धुवायला गेला, तेव्हा कुठं तिची नजर सहाणेवर गेली आणि आपण काय करून बसलो ते तिला उमगलं.

"नुसता गर पायजे. साखर न्हाई, मीठ न्हाई, कायबी न्हाई," असं त्यानं सकाळपासून बजावलं होतं. पण परकर नेसायच्या वयापासून आमरस करत आलेला हात, तो कुणाचं ऐकतोय! आणि आंबा तर संपला होता. बांधावरच्या झाडाला आता पानंच तेवढी उरली होती.

माठात बियर होती. महायुद्धात इटलीतल्या छावणीत एका गोऱ्यानं शिकवलेली. मोड आणलेले सातू वाळवून, भरडून, त्यांचं पाणी उकळायचं. गोऱ्यानं त्यात कसली तरी सुकी कडू फुलं घातली होती, हंबीररावानं काडेचिराईत घातलं. खमिराला वाटीभर शिंदी. पहिला फेस बसला की मगच फळाचा गर, नाहीतर सगळंच मुसळ केरात. तिकडं त्यात जर्दाळू पडले होते. रंगानं आंब्यासारखे, म्हणून या मराठी गड्यांना ते फार गोड वाटायचे.

तिकडं ती एकदाच झाली आणि एका सांजेला ते गडी ती प्याले. दुसऱ्या दिवशी तोफेचा गोळा फुटला, हंबीररावाच्या डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण नाकाचा वास गेला आणि वासामागोमाग जिभेची चवही. घरी परतल्यावर कोंबडीचा रस्सा काय नि पिठलं काय, तो एकाच तोंडानं गिळायचा. अंबूबाई आडोशाला जाऊन रडायची. चुलीपुढं बसण्यात राम राहिला नव्हता.

"त्या बियरची चव शेवटची," तो एकदा म्हणाला होता. "तेवढी डोक्यात ऱ्हायलीया. पन खरी हाय का माझ्या मनाची, कुनाला इचारू?"

विचारायला एकच माणूस होता, नाथाजी. त्याच पलटणीतला, आता पाचगणीच्या एका शाळेवर पहारेकरी. त्याला सांगावा गेला होता. गावोगावी दारू गाळणाऱ्यांना काठ्या बसायचे ते दिवस, म्हणून माठ गोठ्यात वैरणीआड ठेवला होता. हंबीरराव उठता-बसता माठाला कान लावून बुडबुडे ऐकायचा आणि लहान पोरासारखा हसायचा. त्याचं ते हसू बघून अंबूबाईच्या ओठावर आलेलं पुन्हा मागं जायचं.

नाथाजी आला. दिवेलागणीला हंबीररावानं दोन पितळी पेले भरले. अंबूबाई दाराशी पदराचं टोक पिळत उभी राहिली.

नाथाजीनं घोट घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग त्यानं मान वर करून अंबूबाईकडं एकदा पाहिलं. तिनं खाली बघितलं.

"बोल की रं!" हंबीरराव पुढं सरकला. "तसंच हाय का?"

"तसंच हाय गड्या. अगदी तसंच."

हंबीररावानं पेला तोंडाला लावला आणि डोळे मिटले. पाणी मिटल्या डोळ्यांतूनही आलंच. मग तो जो बोलू लागला तो थांबेचना. ती सांज, तो गोरा, जर्दाळूची झाडं, सगळं. लढाईवरून आल्यापासून नवऱ्याच्या तोंडून एवढं बोलणं अंबूबाई पहिल्यांदा ऐकत होती. बऱ्याच वेळानं त्यानं हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाला, "वास येतोय बग, अंबू. जर्दाळूचा."

सकाळी नाथाजी निघाला, तशी ती बांधापर्यंत पाठोपाठ गेली.

"भावजी, चुकी झाली. माज्या हातनं त्यात सुंठ-जायफळ पडलं."

"तवाच वळाखलं मी. आमच्या आईचा आमरस असाच असायचा."

"मग तसंच हाय म्हनून का सांगितलंत?"

नाथाजी खाली बघत हसला. "वैनी, त्या सांजंला मी पहाऱ्यावर हुतो. माजा वाटाबी ह्योच पठ्ठ्या प्याला, पन डोक्याला मार बसला त्यात त्ये इसरला. मला कुटली ठावं ती चव?"

अंबूबाईला हसावं का रडावं कळेना. तेवढ्यात गोठ्यातून हंबीररावाची आरोळी आली.

"आरं नाथा! फुडल्या साली बी ये! आता दर साली करायची बग, अशीच्या अशी!"

"येतो रं!" नाथाजी ओरडला आणि वाटेला लागला.

अंबूबाई तिथंच उभी राहिली. आता दर साली रसात सुंठ-जायफळ घालायला लागणार होतं, आणि तेही चोरून.