उभ्याने भरलेली शाळा

पाठ्यपुस्तकांच्या समितीत एक नियम होता. धड्यातल्या कुठल्याही वाक्यावर एकाही सभासदाने हरकत घेतली, की ते वाक्य गेलं. कारण सांगायची सक्ती नव्हती. त्यामुळे या समितीच्या हातून निघालेले विचारवंत आणि समाजसुधारक इतके सोज्वळ होऊन बाहेर पडत, की अशा देवमाणसांना लोकांनी जन्मभर छळलं कशासाठी, हे कोडं खुद्द त्यांनाही सुटलं नसतं.

धडे लिहायचं काम संपादिकाबाईंचं. बावीस वर्षं त्या लिहीत होत्या आणि समिती खोडत होती. समितीत त्यांना खुर्ची होती, मत नव्हतं. बाईंनी हे कधीच मनाला लावून घेतलं नाही, पगारी माणसाने किती गोष्टी मनाला लावून घ्यायच्या! पण चौथीच्या पुस्तकातला सातवा धडा आला आणि त्यांची झोप उडाली. धडा मास्तरांवर होता.

मास्तर म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी एक गाव हलवून सोडणारा माणूस. त्यांच्या शाळेत रोज सकाळी डब्यातून मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या निघत आणि ज्याच्या शेजारी ज्याची चिठ्ठी, त्याच्या शेजारी तो बसे. मोठ्या घरची पोरं आणि गटारं उपसणाऱ्यांची पोरं एका बाकावर. तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात शाळेचे सगळे बाक अंगणात जळालेले सापडले. मास्तरांनी शाळा बंद केली नाही. स्वतःची खुर्चीही बाहेर काढली आणि वर्षभर शाळा उभ्याने भरवली. लिहायचं कसं? तर पुढच्याच्या पाठीवर पाटी टेकवून. शेजारी बसू नये म्हणून ज्यांनी बाक जाळले, त्यांची मुलं आता एकमेकांच्या पाठीवर पाढे लिहायला लागली.

त्या मुलांत बाईंची आई होती, नऊ वर्षांची. ही गोष्ट ऐकतच बाई लहानाच्या मोठ्या झाल्या. यंदा मास्तरांचा धडा निघतोय म्हटल्यावर आई म्हणाली होती, "माझे डोळे मिटायच्या आत ते बाक पुस्तकात येऊ देत गं." आईने आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. बाईंनी शब्द दिला.

बैठक सुरू झाली. अध्यक्ष म्हणजे थोर पुरुषांवर अकरा जाडजूड ग्रंथ लिहिलेले गृहस्थ. बंडखोरीवर ते दोन-दोन तास बोलत, पण शिपायाने चहात साखर जास्त घातली तर तेवढंही सांगायची त्यांची छाती होत नसे. त्यांच्या उजवीकडे एक कवी, डावीकडे निवृत्त मुख्याध्यापिका.

बाईंनी वाचलं, "संतापलेल्या लोकांनी शाळेचे बाक जाळले."

"संताप कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "नऊ वर्षांच्या मुलांसमोर संताप नको."

संताप गेला.

"'लोकांनी' हे मला खटकतं," कवी म्हणाले. "लोक म्हणजे शेवटी आपणच की हो."

लोकही गेले. उरलं, बाक जळले.

"अहो, उद्या मुलं आगपेट्या घेऊन येतील वर्गात!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि त्या चिठ्ठ्या कशाला? सोडत काढण्याची सवय लागते. आज बाक, उद्या जुगार."

चिठ्ठ्या गेल्या. बाक आपोआपच गेले. आता धड्यात मास्तर आणि मुलं वर्षभर विनाकारण उभी होती.

"का उभी होती, ते तरी लिहू द्या सर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता.

अध्यक्षांनी डोळे मिटून विचार केला. "लिहा: मास्तरांना उभ्याने शिकवणे आवडत असे. उभे राहिल्याने पाठीचा कणा ताठ राहतो."

"वा!" कवी म्हणाले. "कणा आलाच पाहिजे."

ठराव एकमताने झाला. बाईंना तिथल्या तिथे रडू आलं असतं, पण ते इतिवृत्तात लिहायलाही त्यांनाच लागलं असतं.

घरी जाताना बाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. समिती धडा वाचते, स्वाध्याय वाचत नाही. बावीस वर्षांत धड्याखालच्या प्रश्नांकडे एकाही सभासदाने ढुंकून पाहिलेलं नव्हतं. जोड्या लावा आणि रिकाम्या जागा भरा, यात थोरामोठ्यांनी काय बघायचं? ते संपादिकेचं काम. वा रे नियम! दाराला चार कुलपं आणि खिडकी सताड उघडी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी धड्याखाली दोन साळसूद प्रश्न लिहिले आणि तिसरा लिहिला: 'मास्तरांच्या शाळेचे बाक कोणी व का जाळले? घरातील मोठ्या माणसांना विचारा व पाच ओळी लिहा.' समितीने सह्या ठोकल्या. अंतिम प्रत हातात आली. ती उद्या छापखान्यात द्यायची होती.

संध्याकाळी बाई ती घेऊन आईच्या खोलीत गेल्या. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. बाईंनी धडा वाचला, तो कणा ऐकून आई पोट धरून हसली. मग बाईंनी तिसरा प्रश्न वाचला. अध्यक्षांचा नातू चौथीत होता. त्याने आजोबांना विचारलं की आजोबांचं तोंड कसं होईल, याची बाईंनी नक्कलही करून दाखवली.

आई हसली नाही.

"काय झालं? बरं चल, आमच्या घरातलं मोठं माणूस तू. तूच सांग, कोणी जाळले?"

"माझ्या वडिलांनी," आई म्हणाली.

बाईंनी हातातली प्रत मिटून मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी माझ्या शेजारी गटारवाल्याची मुलगी आली होती. फार सुंदर गाणं म्हणायची. मी घरी येऊन हौसेने सांगितलं. सगळं सांगितलं, तिचं नाव, ती कुठे राहते, आम्ही एका पेन्सिलीने लिहिलं ते. वडील ऐकून घेत होते. मला वाटलं, त्यांना आवडलं. रात्री ते रॉकेलचा डबा घेऊन गेले."

"मग तुला पुन्हा शाळेत कसं पाठवलं?"

"मास्तर दारात येऊन उभे राहिले. भांडले नाहीत. वडिलांकडे बघत नुसते उभे राहिले. तीन दिवस. चौथ्या दिवशी वडिलांनीच दप्तर माझ्या हातात दिलं. पण त्यावर आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही."

"मलासुद्धा नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस." आईने शेंगांची टरफलं एका बाजूला केली. "लहानपणी शंभरदा ऐकलंस, उभं कसं राहायचो, लिहायचो कसं. कोणी जाळले, हे एकदाही नाही विचारलंस."

खरं होतं. समितीला नावं ठेवणाऱ्या बाईंनी स्वतः पन्नास वर्षं तो प्रश्न काढला नव्हता, आणि कोणी हरकतही घेतली नव्हती.

सकाळी बाई छापखान्याकडे निघाल्या. भिंतीवरच्या फोटोतले आजोबा, हार घातलेले, घरात सगळ्यांना शांत, प्रेमळ म्हणून ठाऊक. उद्या बाईंची स्वतःची नातही हाच प्रश्न घेऊन येणार. एक रेघ मारली की झालं. कारण सांगायची सक्ती नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना समितीतले तिघेही आपल्या नात्यातले वाटले.

छापखान्याच्या फोरमनने प्रत उघडली. "काही बदल, बाई? मशीन लावतोय."

"आहे एक," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन काढलं आणि तिसऱ्या प्रश्नावर टेकवलं. फोरमन थांबून राहिला.

बाईंनी 'पाच ओळी' खोडलं आणि वर लिहिलं, 'एक पान'.