खुडायच्या आधी

बाळाचा लंगोट मीच बदलायची, दार लावून. जन्मल्यावर नर्सने बघितलं आणि दुसरीला हाक मारली. मुलगा की मुलगी, ते बाळाच्या अंगावरून सांगता येत नव्हतं.

सासूबाईंनी तेव्हापासून जिना उतरणंच सोडलं. "लोक विचारतात, काय झालं? काय सांगू, बाळ झालं म्हणून?"

"तेच तर झालंय, आई."

"जीभ बरी चालते तुझी! उद्या पोरांत खेळायला गेलं की फाडून खातील त्याला."

त्या वाईट नव्हत्या. बाळ रडलं की माझ्याआधी धावायच्या. घाबरलो आम्ही सगळेच होतो, फक्त प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून मुलगी करणं सोपं जाईल. "लवकर केलं की आठवणारही नाही."

"नाही केलं तर? जिवाला धोका?"

"जिवाला नाही," असं म्हणून ते नवऱ्याकडे बघू लागले. नवऱ्याने मान हलवली. तारीख ठरली.

आम्ही दोघं एकाच पॉलिहाऊसमध्ये कामाला. काकडीचं बियाणं तयार व्हायचं तिथे. ज्या वेलांवर बी धरायचं, त्यांच्या नर कळ्या उमलायच्या आत खुडायच्या आणि दुसऱ्या जातीचे पराग आणून मादी फुलांना लावायचे. मादी कळीच्या पाठीशी इवलीशी काकडी असते, नर कळीमागे नुसता देठ. पण ते दिसायला कळी जरा वाढावी लागते. त्याआधी सगळ्या सारख्याच. कॉलेजात मी असली एक कळी सूक्ष्मदर्शकाखाली उघडली होती. टाचणीच्या टोकाएवढ्या त्या जिवात दोन्हींची सुरुवात असते, पुंकेसरांची आणि स्त्रीकेसराचीही. पुढे एकाची वाढ थांबते, आपली आपण. थांबलेल्याची खूण आत तशीच राहते, आणि फुलाचं काही अडत नाही.

नवऱ्याला एवढा धीर कुठला! मुकादम ओरडला की तो हाताला येईल ती कळी खुडायचा. "एकदाची कटकट मिटली," म्हणायचा. आता त्याच्या ओळीतले वेल छपराला टेकले होते आणि खालची सगळी पेरं रिकामी, काकडी एकही नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याला त्याच ओळीत नेऊन उभं केलं.

"यातल्या मादी किती होत्या रे?"

"मला काय ठाऊक? कळतच नव्हतं."

"मग खुडल्यास कशाला?"

तो एका मोकळ्या पेराला नखाने टोकरत राहिला. "वेल आहे गं तो. वेलाला शाळेत कुणी चिडवत नाही."

बाळ पुढे कोण होणार, ते मला तरी कुठे माहीत होतं?

ऑपरेशनच्या सकाळी बाळाला काही पाजायचं नव्हतं. भूल देताना पोट रिकामं लागतं, असं बजावलं होतं. टॅक्सी खाली येऊन थांबली. सासूबाई दुपट्यांच्या घड्या करत होत्या, नवरा बूट घालत होता. बाळ मूठ चोखत होतं. मूठ पुरेना, तसं त्याने भोकाड पसरलं.

मी पलंगावर टेकले आणि त्याला छातीशी घेतलं.

"अगं वेडी का खुळी तू! उपाशी ठेवायला सांगितलंय ना!" सासूबाई ओरडल्या.

मी पाठ फिरवली. बाळ घटाघट पीत होतं. खालून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग बंद झाला.

"पुढची तारीख घ्यावी लागेल," नवरा म्हणाला. त्याच्या एकाच पायात बूट होता.

"घे."

"किती वेळा करशील असं?"

"त्याला स्वतःचं सांगता येईपर्यंत."

सासूबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. नवऱ्याने जवळ येऊन बाळाच्या टाळूवरून फिरवायला हात पुढे केला. रोज फिरवायचा तसाच. मी अंग चोरून बाजूला सरकले. त्याचा हात तिथेच अधांतरी राहिला, आणि मला तो नुसता खुडणारा हात दिसत होता.