इथून उद्या

खामगावच्या मजूर अड्ड्यावर जानरावला पोरं ‘दुनियेचा मिस्त्री’ म्हणत. टाइल लावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा नव्हता, पण काम करता करता त्याचं तोंड चालायचं ते भलतीकडेच. कुठल्या देशात गिरणीवाल्यांनी किती दिवस संप ओढला, कुठं भाकरी महागली म्हणून बाया रस्त्यावर उतरल्या, कुठल्या सरकारनं झेंडा पुढं करून मजुरांची संघटना मोडली. घरमालक कंटाळत, पण भिंत पूर्ण झाली की ती बघून गप्प बसत.

शिक्षण सातवी. त्याला पेपर वाचायला लावला तो किसनरावांनी. तेलाच्या मिलमध्ये उभा जन्म हमाली केलेला हा म्हातारा लाल बावट्याचं काम करायचा. त्यांनीच जानरावला बांधकाम मजुरांच्या संघटनेत आणलं आणि पुढं तालुक्याचा सचिव केलं.

गाझावर बॉम्ब पडू लागले, तेव्हा संघटनेनं चौकात धरणं धरलं. नऊ माणसं आली. जानराव स्टुलावर उभा राहून म्हणाला, “तिकडचा गवंडी तुमच्या-माह्यासारखाच हाये. अंधारात उठते, डबा बांधते, नाक्यावर उभा राहते. फरक एवढाच, का आपल्या नाक्यावर ठेकेदार येते अन् त्याच्या नाक्यावर बंदूक.”

मोटरसायकलवरून जाणारं एक पोरगं थांबलं. “काका, आपल्या देशासाठी बी एखाद दिवस उभे राहात जा!”

“देशातल्या मजुराचंच बोलून राह्यलो, बापू,” जानराव म्हणाला. पोरगं हसून निघून गेलं.

पुढं बातमी आली की इस्रायलनं पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने रद्द केले, आणि त्यांच्या जागी आपल्याकडून गवंडी, सेंट्रिंगवाले, टाइलवाले नेणार आहेत. संघटनेनं बैठक घेतली. ‘दुसऱ्या मजुराच्या पोटावर पाय देऊन आमचा मजूर कामाला जाणार नाही,’ असा ठराव झाला. तो जानरावनं स्वतःच्या अक्षरात लिहिला. ते वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की घरी येऊन त्यानं ते बायकोला, कोकिळाला, दोनदा वाचून दाखवलं.

त्यांना एकच मुलगा, गजेंद्र. बी.ए. झालेला. चार वर्षं पोलीस भरतीसाठी मैदानावर धावला. एकदा दोन मार्कांनी राहिला. मग मोबाइलच्या दुकानात लागला. बापाची थापी हातात घ्यायला तो कधी तयार झाला नाही. कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये सिमेंटचा माल कालवून द्यायचा, तेवढंच. जानराव वरून म्हणायचा, “शिकलेलं पोरगं, कायले हात फोडून घेईन?” पण आपला हात आपल्याबरोबर संपणार, ही सल त्याच्या मनात होतीच.

म्हणून एका रविवारी गजेंद्र जवळ येऊन म्हणाला, “बाबा, मले टाइल लावणं शिकवा,” तेव्हा जानरावचा आधी विश्वासच बसेना.

“काऊन बे? दुकानातून काढलं का?”

“पुण्याले परीक्षा हाये. सव्वा महिन्यानं. इस्रायलची.”

जानरावनं हातातला चहा खाली ठेवला. “त्या कामावर आधी कोण होतं, माहीत हाये तुले?”

“हाये ना. या घरात दुसरं काय आयकलं मी?”

“मंग?”

“मंग काय, बाबा? अठ्ठावीसचा झालो मी. तुमच्या ठरावानं मले काम भेटलं का? अन् मी नाही गेलो, तर ते जागा त्या माणसाले परत देणार हायेत?”

जानरावकडे उत्तरं पुष्कळ होती. पण ती सगळी स्टुलावर उभं राहून द्यायची होती. तो उठून बाहेर गेला.

कोकिळा त्याच्या मागोमाग आली. “दुनियेसाठी जीव तुटते तुमचा. पोरासाठी कधी तुटन?”

आठ दिवस बापलेक बोलले नाहीत. नवव्या दिवशी जानराव कामावरून आला, तर परसात गजेंद्र मोबाइलवर व्हिडिओ लावून मोरीच्या भिंतीला टाइल चिकटवत होता. कोपरा फाकला होता. टाइल दोनदा घसरली, तिसऱ्यांदा त्यानं रागानं ठोकली आणि ती तडकली. जानरावला राहवलं नाही. त्यानं पोराच्या हातातून रबरी हातोडा घेतला.

“मनगट ढिलं सोड. टाइलले मारायचं नसते, बसवायचं असते. पाह्य.”

तो महिना जानरावच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता, आणि याच गोष्टीची त्याला लाज वाटायची. कामावरून आला की हातपाय न धुता तो परसात जाई. ओळंबा कसा धरायचा, सांधा डोळ्यानं कसा तोलायचा, कोपऱ्याचा तुकडा आधी का कापायचा नाही. लावलेली भिंत रोज उतरवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. पोराला हात होता. ज्याची दहा वर्षं वाट पाहिली, ते असं, या कामासाठी दारात आलं होतं.

किसनराव एक दिवस काठी टेकत आले. परसाच्या दारात उभे राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“हात चांगला हाये पोराचा,” ते म्हणाले. चहा प्याले, कोकिळाची विचारपूस केली. निघताना जानरावला म्हणाले, “ठराव तुह्याच अक्षरातला हाये, जानराव.”

“पोरगा हाये तो माह्या, किसनदादा.”

“त्या माणसालेही पोरगा असन.”

आवाज चढला नाही, शिवी नाही. दुसऱ्या दिवशी जानरावनं संघटनेचा शिक्का किसनरावांच्या घरी पाठवून दिला. तीस वर्षांचा सहवास. पण नंतर ना ते त्याच्या दारी आले, ना तो त्यांच्या.

गजेंद्र परीक्षेत पास झाला आणि दोन महिन्यांत गेला.

त्याची दुपारची सुट्टी व्हायची तेव्हा इकडे अडीच वाजलेले असत. कोकिळा फोन भिंतीला टेकवून बसायची. जानराव घरी असला तरी खाटेवर पेपर तोंडापुढं धरून बसे आणि सगळं ऐके. असे चार-पाच महिने गेले. एक दिवस गजेंद्र म्हणाला, “माय, बाबाले दे. एक फोटो पाठवतो.”

गजेंद्र कामाला होता ती इमारत अर्धवट होती. लढाई लागली त्या दिवशी काम थांबलं ते तसंच. नवव्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत टाइल लागलेल्या होत्या, वर कोरा गिलावा. जानरावनं फोटो बोटांनी मोठा केला. एकेक सांधा तपासला. सूतभरही फरक नव्हता. कोपरा तर असा मिळवला होता की नख जाऊ नये. शेवटच्या ओळीच्या वर पेन्सिलीनं एक रेघ होती आणि तिच्यावर काही अक्षरं.

“ते काय लिहेल हाये?”

“अरबीत हाये. आमच्या सुपरवायझरले वाचता येते. टाइल लावणाऱ्याचं नाव हाये, नबील. अन् त्याच्या बाजूले लिहेल हाये, ‘इथून उद्या’.”

जानरावनं कोपरा पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. मग म्हणाला, “याचा गुरू चांगला असन.”

गजेंद्र हसला. त्यानंतरचे पाच-सहा दिवस बापलेक त्या भिंतीशिवाय दुसरं बोललेच नाहीत. “त्याची ओळ सोडू नको,” जानराव बजावायचा. “त्याच्या रेघेपासूनच उचल. कुठं त्याचं संपलं अन् कुठं तुह्यं लागलं, कोणाले समजलं नाही पाह्यजे.” एका गवंड्याचं राहिलेलं दुसऱ्यानं नीट पूर्ण केलं, तर काही तरी वाचेल, असं त्याला वाटू लागलं होतं. काय वाचेल, ते त्याला सांगता आलं नसतं. किसनरावांना सांगावं म्हणून तो त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथूनच परतला.

मग एका दुपारी गजेंद्रचा आवाज वेगळा लागला.

“तोडली बाबा ते भिंत. त्या रंगाची टाइल आता येत नाही म्हणे. मुकादम म्हणे, सगळी उतरवा.”

“कोणं तोडली?”

“मी. दुसरं कोण तोडन?” मग तो हळूच म्हणाला, “आख्खा दिवस लागला. निघतच नव्हती. लय मजबूत लावली होती त्यानं.”

जानराव फोनवर ओरडला. “नाही म्हणता नाही आलं तुले? एका शब्दानं?”

“नाही म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी मले घरी पाठवलं असतं.”

“तू मजूर नाही राह्यला, गजू. तू त्याईचा माणूस झाला.”

तिकडून फोन बंद झाला. कोकिळानं नवऱ्याकडे पाहिलं आणि ताटं उचलली. त्यानंतर गजेंद्र ‘बाबाले दे’ म्हणाला नाही.

जूनमध्ये तिकडे क्षेपणास्त्रं पडू लागली. चहाच्या टपरीवर टीव्हीपुढं गर्दी असायची. क्रिकेटची मॅच असावी तसे लोक टाळ्या पिटायचे. कोणी तरी जानरावच्या पाठीवर थाप मारली. “तुमचा पोरगा तिकडेच ना? वाघ हाये! नाव काढलं देशाचं!” जानराव रस्त्यावर आला आणि पोराला फोन लावत राहिला. अकरा वेळा लावला. कोणी उचलला नाही.

घरी कोकिळा भाजी निवडत होती. “आताच बोलला. सुखरूप हाये. भोंगा वाजला का तळघरात जाऊन बसतो म्हणे.”

“माह्यासाठी काही म्हणाला का?”

“रेंज नव्हती,” ती म्हणाली. तिला खोटं बोलणं आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

हिवाळ्यात गजेंद्र वीस दिवसांच्या सुट्टीवर आला. खंगला होता. कुकरची शिट्टी झाली की ताटावरून उठून उभा राहायचा, मग ओशाळून खाली बसायचा. चौकातल्या मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, ‘परदेशात देशाची मान उंचावणारा सुपुत्र’ असा फलक. गजेंद्र शाल पांघरून मान खाली घालून उभा होता. जानराव शेवटच्या रांगेत होता. पोराचा चेहरा पाहून त्याला वाटलं, वर जावं आणि ती शाल काढून घ्यावी. तो जागचा हलला नाही. घरात बापलेकांचं बोलणं ‘जेवला का’ आणि ‘हो’ यापुढं गेलं नाही.

परतीच्या दिवशी तिघं शेगावला आले. दुपारची गाडी होती. कोकिळाला पोरासाठी महाराजांचा प्रसाद घ्यायचा होता; ती मंदिराकडे गेली. स्टेशनच्या बाकावर दोघंच उरले.

जानराव म्हणाला, “गजू, चूक माही हाये. मी तुले शिकवालेच नको होतं.”

गजेंद्रनं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. “त्या एका महिन्यातच तुमी माह्याशी बोलले, बाबा. एरवी दुनियेशीच बोलत राह्यले. त्या महिन्याले तरी चूक म्हणू नका.”

जानरावचा हात उचलला गेला आणि मधेच थांबला. मग त्यानं विचारलं, “त्या नबीलचं काही समजलं का?”

“विचारलं होतं सुपरवायझरले. तो म्हणे, या नावाचे शंभर होते कामावर. कोणता म्हणून सांगू?”

“नको जाऊ म्हणलं तर?”

“इथं राहून काय करू?”

कोकिळा प्रसादाची पिशवी घेऊन धापा टाकत आली, तोवर गाडी लागलीच. गजेंद्र घाईघाईनं दोघांच्या पाया पडला. जानरावनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते, हे त्याला वीस दिवसांत दिसलं नव्हतं. गर्दीच्या रेट्यानं पोरगं आत गेलं. खिडकीशी आलं, ते डब्याच्या दुसऱ्या बाजूच्या; फलाटावरून चेहरा दिसला नाही.

खामगावच्या बसमध्ये कोकिळा पदरात तोंड घालून रडली. गाव जवळ आलं, तसं तिनं तोंड पुसलं. “तुमी बोलत होते ना त्याच्याशी? परत कधी येतो म्हणे?”

ते जानरावचं विचारायचंच राहून गेलं होतं.