संगणकनाथांची बोटं

राहात्यातल्या त्या मंगल कार्यालयाबाहेर दर गुरुवारी चपलांचा असा ढीग पडायचा की लग्नाच्या वऱ्हाडालाही कधी जमला नसेल. आत स्टेजवर नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी एक टेबल, टेबलावर झेंडूच्या माळा घातलेला कॉम्प्युटर, मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू, आणि समोर भगव्या रेशमी कुडत्यात संगणकनाथ महाराज.

"भक्तहो, हार्ड डिस्क म्हणजे चित्त!" महाराज माइकवर सांगत. "फ्लॉपी म्हणजे जीव. एका देहातून काढायची, दुसऱ्यात घालायची. आणि शट डाऊन म्हणजे?"

"समाधी!" गर्दी ओरडायची.

साल नव्याण्णव. तालुक्यात कॉम्प्युटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते जिथं होते तिथंही माणसं चपला काढूनच आत जायची. धूळ लागू नये म्हणून काढलेल्या चपला आणि देवापुढं काढलेल्या चपला यांत फरक करणं कुणाला जमत नव्हतं. महाराजांचं निम्मं काम तिथंच झालेलं होतं.

पुढं लंकाबाई बसली होती. कॉलेजच्या फाटकापाशी पेरू विकणारी.

"महाराज, माजी शेळी गेली वो. गाभण हुती. कुठं हाय ती?"

महाराजांनी डोळे मिटून प्रार्थना टाइप केली. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, इंग्रजी लिपीत पण मराठीत: 'हे संगणकेश्वरा, त्रिकालज्ञ देवा, या लेकराच्या प्रश्नाचं उत्तर दे.' मग प्रश्न टाइप केला. एंटर दाबलं. आणि हात मांडीवर ठेवले. हात मांडीवर असतानाच पडद्यावर आपोआप उत्तर उमटलं. सेवक श्रीमंतने ते मोठ्यानं वाचलं, "लंकाबाई, शेळी उत्तरेला, पाण्याजवळ."

सभागृहात "आई गंऽ" उमटलं. लंकाबाईचं नाव मशीनला कसं ठाऊक? राहात्याच्या उत्तरेला पाण्याजवळ म्हणजे पाट आला, विहिरी आल्या, शेततळी आली, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रांगेत सुहास सर होते. कॉलेजात गणित आणि कॉम्प्युटर शिकवणारे. एरवी ते इथं आलेच नसते. पण त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंना जाऊन सहा महिने झाले होते. सर सकाळी चहा दोन कपांचा टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. कुणीतरी म्हणालं, तिथं गेलेल्या माणसांचाही निरोप येतो, आणि सरांचे पाय वळले.

चपला ठेवतानाच श्रीमंतने त्यांना बाकावर बसवून चहा दिला होता. मोठा मायाळू माणूस. "सर, वहिनी कशानं गेल्या? शेवटी काही बोलल्या का?" सर बोलले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सहा महिने जे सांगत आले होते तेच त्यालाही सांगितलं: अंबिकेनं हात हातात घेतला आणि म्हणाली, 'स्वतःला जपा.'

त्यांची पाळी आली. प्रार्थना झाली, प्रश्न झाला, महाराजांचे हात मांडीवर गेले, आणि पडद्यावर आलं: 'मी अंबिका. सुखात आहे. जाताना हात धरून म्हटलं ते विसरू नका. स्वतःला जपा.'

गणित शिकवणारा माणूस तिथंच रुमालात तोंड घालून रडला. घरी जाताना मात्र त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

आता सरांच्या 'मंडळा'विषयी सांगायला हवं. पुण्याहून येणाऱ्या एका मासिकासोबत लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी मिळाली होती. तिच्यावरून चेतन आणि प्रज्ञा या सरांच्या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजात लिनक्स मंडळ काढलं. गावात ते वर्गणीचं पावतीपुस्तक न घेता नुसतीच जाहिरात चिकटवायला गेले तेव्हा दुकानदारांनी विचारलं, "मंडळ काढलं ते ठीक, गणपती कुठं बसवनार?"

मंडळात यायला फी नव्हती. अट एकच. जे शिकाल ते पुढच्याला शिकवायचं, आणि जो प्रोग्राम कराल तो आतून कसा लिहिलाय ते उघडं ठेवायचं. त्या आतल्या मजकुराला पोरं सोर्स म्हणत. झाकून ठेवलेला प्रोग्राम मंडळात चालत नसे. पोरं यायची, गेम नाहीत म्हटल्यावर निम्मी पळायची. उरलेली शनिवारी दुपारी लॅबमधल्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनला चिकटून बसायची. लॅबची जबाबदारी सरांची, किल्ली सरांच्या खिशात.

आणखी एक रिवाज होता, तो चुकीतून आलेला. लिनक्स बसवताना चेतनने पडद्याकडे बघत बघत एक आकडा भलताच दाबला आणि डिस्कवरचे चाचणी परीक्षेचे सगळे मार्क पुसून गेले. सगळ्या मंडळाने पेपर काढून ते पुन्हा भरले. तेव्हापासून कुणीही टाइप करताना शेजारी एकजण बसायचाच, आणि त्यानं पडद्याकडे बघायचं नाही. फक्त बोटांकडे बघायचं. "पडदा नंतर, बोटं आधी," असं प्रज्ञा नव्या पोरांना दटावायची. तिचे वडील रखमाजी पेरूच्या बागेत कामाला. घरी कॉम्प्युटर कुठला? तिचं काय असेल ते शिक्षण त्या कोपऱ्यातल्या मशीनवर.

महाराजांची कीर्ती ऐकून एका गुरुवारी ही दोघंही गेली. चेतनने भर सभेत हात वर केला.

"महाराज, प्रोग्राम चांगला आहे. सोर्स दाखवता का?"

"काय दाखवू?"

"आतून कसा लिहिलाय ते. आमच्या मंडळात सगळे दाखवतात."

महाराजांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "मूर्खा! गाभारा उघडून देवाच्या आत काय आहे ते बघतोस?"

प्रज्ञा मात्र सवयीने महाराजांच्या बोटांकडे बघत राहिली होती.

पुढच्या गुरुवारी सर गेले तेव्हा श्रीमंतने पुन्हा चहा दिला, पुन्हा विचारलं, "ती पोरं आपलीच का? कुठं बसतात?" सरांनी सांगितलं. आणि तासाभरानं पडद्यावर अंबिका म्हणाली, 'ते मंडळ बंद करा. लॅबची किल्ली महाराजांच्या पायी ठेवा. नाहीतर मी पुन्हा बोलणार नाही.'

शनिवारी सर लॅबमध्ये आले ते उभेच राहिले.

"खंडेनवमीला लॅबची पूजा आहे. प्राचार्यांनी महाराजांना बोलावलंय. त्या दिवसापासून मंडळ बंद. किल्ली मी त्यांना देणार."

"सर!" चेतन ताडकन उठला. "का?"

"कारण विचारू नकोस."

"तुम्हीच म्हणता ना, कारण न विचारणाऱ्याला शून्य मार्क."

प्रज्ञाने हळूच विचारलं, "काकूंचा निरोप आला का, सर?"

गावात काही लपत नाही. सरांनी मान हलवली. "ती बोलते गं. नावानिशी बोलते. मी मंडळ चालू ठेवलं तर ती बोलणार नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

प्रज्ञाने कीबोर्ड बाजूला सारला. ती म्हणाली, "मी पण तेच केलं असतं कदाचित. खंडेनवमीपर्यंत तरी लॅब द्याल?"

सरांनी किल्ली टेबलावर ठेवली.

खंडेनवमीला लॅबच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक मॉनिटरला झेंडू, प्रत्येक कीबोर्डवर कुंकवाचं बोट. प्रसादाच्या पुडीतून गुळखोबरं सांडून एका माउसचं चाक अडकलं होतं. महाराजांचं मशीन टेम्पोतून आलं. नारळ फुटला. महाराज म्हणाले, "आज या विद्यामंदिराची किल्ली देवाच्या चरणी येते आहे."

पोरांकडून सकाळीच परत घेतलेली किल्ली खिशात ठेवून सर पुढं झाले. प्रज्ञा मध्येच उभी राहिली.

"महाराज, मंडळ बंद व्हायच्या आधी आमच्या मशीनवर एक प्रार्थना करू द्या. तुमचीच."

नाही म्हणायला कारण नव्हतं. ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. "मावशी, विचारा."

लंकाबाईला विचारायला एकच होतं. "माजी शेळी कुठं हाय?"

प्रज्ञाने टाइप केलं. 'हे संगणकेश्वरा, त्रिकालज्ञ देवा…' प्रार्थना संपली, प्रश्न झाला, एंटर. हात मांडीवर. पडद्यावर उत्तर आलं. ते चेतनने मोठ्यानं वाचलं: "लंकाबाई, तुमची शेळी कुठं आहे ते मला माहीत नाही. मी यंत्र आहे."

गर्दीत खळबळ उडाली. महाराज मुरलेले होते. ते दोन्ही हात वर करून ओरडले, "पाहा! पोरीच्या बोटांत देव उतरला! आजपासून ही माझी शिष्या!"

"देव नाही, महाराज. प्रोग्राम आहे, आम्ही चार दिवसांत लिहिलेला," प्रज्ञा म्हणाली. "मावशी, तुम्ही या. तुम्ही प्रार्थना करा."

"मला कुठं येतंय लिवाया?"

"नको लिहायला. ठोका नुसती बटणं. पेरू निवडता तसं, हाताला लागेल ते."

लंकाबाईने पदर खोचला. प्रज्ञाने एक बटण दाबून दिलं आणि लंकाबाईने एका बोटानं कीबोर्ड बडवायला सुरुवात केली. ती काहीही दाबत होती आणि पडद्यावर बिनचूक उमटत होतं: 'हे संगणकेश्वरा, त्रिकालज्ञ देवा…'

"अगं बया! म्या तर कायबी दाबतीय!"

"तेच तर. हे टिंबाचं बटण दाबलं की प्रोग्राम तुमची अक्षरं गुपचूप पोटात ठेवतो आणि पडद्यावर आधीच लिहून ठेवलेली प्रार्थना दाखवतो. माणसं पडद्याकडे बघतात. प्रार्थना चालू असताना महाराजांची बोटं उत्तर टाइप करत असतात. पुन्हा टिंब दाबलं की मग प्रश्न खरा टाइप होतो. एंटर दाबलं की पोटातलं उत्तर बाहेर. म्हणून तर ते प्रश्न आधी ऐकतात, प्रार्थना नंतर करतात."

"खोटं!" महाराज गरजले. "माझ्या यंत्राला गुरूशिवाय कुणाचा स्पर्श चालत नाही!"

"का बरं? शॉक बसतो का?" चेतन म्हणाला.

लंकाबाई तोवर महाराजांच्या टेबलाशी पोचली होती. शेळी गेलेल्या बाईला कोण अडवणार? तिने टिंबाचं बटण दाबलं आणि दोन्ही मुठींनी कीबोर्डवर कणीक तिंबावी तसं सुरू केलं. महाराजांच्या पडद्यावर, झेंडूच्या माळेखाली, शांतपणे अक्षरं आली: 'हे संगणकेश्वरा, त्रिकालज्ञ देवा…'

आधी एकजण हसला. मग व्हरांडा हसला. "महाराज, लंकीच्या अंगात आलंय, करा शिष्या!" कुणीतरी मागून ओरडलं. "अन् समजा समाधी घ्यायची तर कुठलं बटन दाबायचं?"

"हसताय काय मुडद्यांनो," लंकाबाई कडाडली. "उत्तरेच्या समद्या हिरी हुडकल्या म्या! पाय तुटायची वेळ आली! श्रीमंता, कुठं चाललास रं?"

श्रीमंत टेम्पोकडे निघाला होता.

फक्त सर हसत नव्हते. ते महाराजांच्या मशीनपाशी आले. "बोटं कळली," ते म्हणाले. "पण तिला… त्याला कसं कळलं? हात धरला, स्वतःला जपा म्हणाली, हे त्या मशीनला कुणी सांगितलं?"

प्रज्ञाला उत्तर माहीत होतं, पण तिनं ते सरांनाच शोधू दिलं. सरांनी श्रीमंतकडे पाहिलं. चहाचा कप आठवला. मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं आणि ते सावकाश खुर्चीवर बसले.

"ती असं म्हणालीच नव्हती," ते म्हणाले.

"काय, सर?"

"हात धरला नव्हता. स्वतःला जपा म्हणाली नव्हती. दुपारी पडल्या पडल्या ती म्हणाली, दुधावर झाकण ठेवा, मांजर येतंय. मी झाकण ठेवायला गेलो आणि परत आलो तर…" सर थांबले. "भेटायला येणाऱ्यांना दुधाचं झाकण काय सांगायचं? म्हणून मी ते दुसरं सांगत गेलो. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. श्रीमंतला पण तेच सांगितलं. आणि मशीननं मला माझंच खोटं परत दिलं. अंबिका असती तर तिनं झाकणाचं विचारलं असतं."

व्हरांड्यातलं हसू आता थांबलं होतं. महाराज माळा उतरवून वायर गुंडाळायला लागले होते, आणि वायर गुंडाळताना ते अगदी साध्या, थकलेल्या माणसासारखे दिसत होते. प्राचार्य नुसतेच खोकले.

सर उठले. त्यांनी माइक घेतला नाही. व्हरांडा काही फार मोठा नव्हता.

"मी गणित शिकवतो आणि मी फसलो. तेव्हा अडाणी माणसं फसतात असं कुणी म्हणू नका. ज्याला काहीतरी ऐकायची फार ओढ असते तो फसतो. लंकाबाईला शेळी हवी होती, मला अंबिका. ओढ असू द्या, ती लाज वाटण्यासारखी नाही. पण कुणी चमत्कार दाखवला तर या पोरांसारखं विचारा: आतून कसं चालतं ते दाखवा. खरा असेल तो उघडून दाखवेल. जो झाकून ठेवील त्याच्या बोटांकडे बघा. आणि आपलं दुःख कुणालाही सांगा, पण आपण सांगितलेलंच कुणी देवाच्या नावानं परत आणून दिलं, तर ते घेऊ नका."

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि प्रज्ञाच्या हातावर ठेवली.

"शनिवारी उघडशील? मला तो प्रोग्राम आतून बघायचाय. शेजारी कुणीतरी बसवा. मला पडद्याकडेच बघायची सवय लागलीय."

"मी बसते, सर," प्रज्ञा म्हणाली. "पण मंडळाची अट आहे. शिकाल ते पुढच्याला शिकवायचं."

"लंकाबाईला शिकवीन."

"आधी माजी शेळी हुडका," लंकाबाई म्हणाली, "मग शिकवा काय शिकवायचं ते."

सर घरी गेले. कुणाचा निरोप आला नाही, येणारही नव्हता. त्यांनी संध्याकाळचं दूध तापवलं, उतरवलं, आणि आठवणीनं वर झाकण ठेवलं.