मामाला आणायला आलेला बँड

चंद्रभानला उठायचंच जिवावर आलं होतं. एकुलत्या एका बहिणीच्या पोरीची, दीपिकाची, आज दांडी गावात हळद, आणि सख्खा मामा मुरब्यातल्या घरात भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेला! बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करून करून माणूस थकतो हे खरं, पण हा थकवा पाळीचा नव्हता. बायको, उषा, गेली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. तिच्याशिवाय मामा म्हणून बँडच्या पुढे चालायचं, गावाच्या नजरा झेलत? नको रे बाबा. जायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

पण ठरवून काय होतंय! यांच्या समाजात मामा आपल्या पायाने मांडवात जात नाही. त्याला आणायला वाजतगाजत बँड जातो. मामा पोचल्याशिवाय हळद लागत नाही, आणि हळद लागल्याशिवाय बँडवाल्यांच्या पानात काही पडत नाही. ही दुसरी गोष्ट लग्नघरात कुणाला आठवत नाही. चंद्रभानला मात्र चांगली ठाऊक होती, कारण जवानीत तो स्वतः त्या बँडमध्ये होता.

दर्याराज ब्रास बँड, मुरबे. चंद्रभानचं ट्रंपेट, प्रफुल्लचा ढोल, आणि गावातलीच आणखी सहा-सात पोरं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आत घामाची आंघोळ. एप्रिलच्या उन्हात तो कोट घालून जो उभा राहिला, त्याला नरकाची भीती कुणी घालू नये. तरी काय दिवस होते! पालघरपासून डहाणूपर्यंत वाजवलं. वैताग एकच, मामालोकांचा. कुणाला शर्टपीस पसंत नाही, कुणाला आवतण उशिरा आलं, कुणाला जावयाचं नाकच आवडलं नाही. मामा आत फुगून बसायचा आणि पोरं बाहेर उन्हात तिष्ठत राहायची. "मामा रुसतो नि बँड उपाशी मरतो," असं प्रफुल्ल म्हणायचा, आणि मग सगळे मिळून त्या मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

दांडीत असाच एक मामा अडून बसला होता. ऊन कलायला आलं तरी स्वारी हलेना. वाजवून वाजवून चंद्रभानचे ओठ सुजले होते. तेवढ्यात मागच्या दाराने एक पोरगी आली. काखेत पाण्याची कळशी, हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या करंदीची, बारक्या कोलंबीची, चटणी.

"बाबा काय एवढ्यात येत नाय. खाऊन घ्या," ती म्हणाली. मग चंद्रभानकडे वळून, "आणि तुमी जरा बरं वाजवा. कान किटले आमचे!"

ती उषा. पुढल्याच वर्षी ती लग्न होऊन मुरब्यात आली. बँड सुटला, कारखान्याची नोकरी लागली, ट्रंपेट प्रफुल्लच्या घरी गेलं. "कान किटले" हे मात्र संसारभर चाललं. चंद्रभान घोरला तरी तेच आणि देवळात आरतीला आवाज लावला तरी तेच. आता घर इतकं गप्प होतं, की त्या दोन शब्दांसाठी जीव तुटायचा.

लांबून ढोल ऐकू आला. दांडीहून बँडचा टेंपो गावात पोचला वाटतं. आवाज जवळ जवळ येत गेला आणि गल्लीच्या तोंडाशी एकदम थांबला. ज्या घरातल्या मयताला वर्ष झालं नाही, तिथे वाजवत नाहीत. चंद्रभानने स्वतः किती दारांपुढे ट्रंपेट खाली केलं होतं! आपण मान देतोय असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तेवढाच ओठांना आराम. आत बसलेल्याचं काय होतं ते त्याला आज कळलं. सगळी गल्ली आपल्याकडे बघतेय असं वाटून त्याने चादर ओढून घेतली.

जयवंती, त्याची बहीण, घामाघूम होऊन आत आली.

"दादा, ऊठ."

"प्रफुल्लला ने ना मामा म्हणून. मी सांगतो त्याला."

"प्रफुल्ल माझ्या आयशीच्या पोटचा हाय काय?"

"जयू, मी दमलोय गं. लोकं बघतील. मामी कुठं हाय म्हणतील."

"कुठं हाय ते सगळ्यांना ठाव हाय!" जयवंतीला रडू फुटलं. "मला नको होती काय आज वहिनी? ती नाय तर नाय. आता भाऊ पण नाय काय मला?"

चंद्रभानने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. जयवंती पदराने नाक पुसत ओट्यावर जाऊन बसली. आत येईना आणि परतही जाईना. शेवटी हाडं अवघडली म्हणून तो उठला आणि त्याची नजर खिडकीतून बाहेर गेली.

लाल कोट उन्हात उभे होते. पुढे प्रफुल्ल, डोकं कापसासारखं पांढरं, ढोल गळ्यातच. या वयात एकदा उतरवला की परत चढवायला दोन माणसं लागतात. कुणाच्या हातात पाण्याचा पेलासुद्धा नव्हता. द्यायचा कुणी? ज्याच्या घरी आले त्याने. आणि त्या घरात आता होतं कोण?

"आयला," चंद्रभान स्वतःशीच म्हणाला, "तो रुसका मामा मीच की!"

त्याने कळशी भरली, तांब्या घेतला आणि नुसत्या बनियनवर गल्लीच्या तोंडाशी गेला. प्रफुल्ल घटाघटा पाणी प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "भाकरी नाय आणलीस, चंदू?"

चंद्रभानला हसू आलं आणि हसता हसताच तो रडायला लागला, तांब्या हातात धरून, भर रस्त्यात, लहान पोरासारखा. प्रफुल्लला ढोलामुळे जवळ घेता येईना. त्याने नुसता हात लांब करून त्याचा दंड घट्ट धरला.

"रड, रड. पण मग चल. पोरं सकाळपासून उपाशी हायत."

चंद्रभानने घरात जाऊन तोंड धुतलं, सदरा घातला. गल्लीबाहेर आल्यावर बँड सुरू झाला. जवानीत तो त्या आवाजाच्या मधोमध चालला होता. आज तोच आवाज पाठीवर येत होता आणि पाय नको नको म्हणत होते. जयवंतीने झालरीची छत्री उघडून वर धरली. ही छत्री चांगली मोठी असते, खाली मामा आणि मामी दोघं चालतात. चंद्रभान डाव्या कडेने चालत होता. अर्धा खांदा बाहेर, उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी.

"दादा, मधी ये ना," जयवंती म्हणाली. "ऊन लागतंय तुला."

"नको," चंद्रभान म्हणाला. "मी मधी आलो तर तिला लागंल."

जयवंतीने टेंपोपर्यंत छत्री होती तशीच धरली.